दगडाला मिळालेला मान

शेजारच्या उमरठ गावाचं नाव शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात होतं. आमच्या वाडीचं पोस्टमनलाही धड ठाऊक नव्हतं. याचा मला लहानपणापासून राग. महाडला शिकलो, पुण्यात एम.ए. झालो आणि प्रबंधाला हट्टाने विषय घेतला तो पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवस्त्यांच्या इतिहासाचा. आमचे प्राध्यापक म्हणाले, "ठीक आहे, पण पुरावा?"

पुरावा शिमग्याला घरी आलो तेव्हा सापडला. विहिरीपाशी बायका ज्या दगडावर कपडे आपटत, त्याच्या एका अंगाला अक्षरं होती. शेवाळ खरवडून, तिरप्या उन्हात बसून मी ती वाचली. वाडीतल्या शेतकऱ्यांनी मिळून ही विहीर खोदली, एवढंच लिहिलं होतं. पण वाडीचं नाव होतं! मला रडू आलं. वडिलांना म्हणालो, "बाबा, हा दगड फार मोलाचा आहे. याला जपा."

इतकी वर्षं कुणी जपला नव्हता म्हणून तो टिकला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मी हाताने उतरवून घेतलेली अक्षरं पुण्यात कोण मानणार? दगडावर ओला कागद चेपून, शाई लावून घेतलेला ठसा हवा होता. सुट्टी लागताच मे महिन्यात कागद घेऊन आलो. मेमध्ये आमचे चाकरमानी मुंबईहून येतात, आणि आले की त्यांना देऊळ नवं करायची हुक्की येते. वडिलांनी मला हाताला धरून थेट देवळात नेलं.

"बघ, तुझा दगड देवाखाली बसवला. मुंबयवाले लादी घाला म्हनत हुते. मी ऐकलं नाय."

दगड आरशासारखा गुळगुळीत झाला होता.

"बाबा, अक्षरं?"

"खडबडीत हुता रे. पाथरवटाकडनं टाकी मारून चारी बाजू साफ करून घेतल्या. देवाला रुतंल ना."

मी मटकन खाली बसलो. मी देवाच्या पाया पडतोय असं वाटून वडील खूश झाले.

विषय बदलावा लागला. घाटवाटांवरच्या व्यापारावर लिहिलं, डॉक्टरेट मिळाली, कॉलेजात नोकरी लागली. महाडला सत्कारही झाला. हार गळ्यात पडला तेव्हा मला नुसती चीड येत होती.

प्रबंधाचं पुस्तक छापून आलं तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुस्तक छातीवर धरून त्यांनी विचारलं, "आपली वाडी कुठं हाय यात?"

मी मधलंच एक पान उघडलं आणि त्यांचं बोट त्यावर ठेवलं. त्या पानावर मिठाच्या जकातीबद्दल लिहिलं होतं. वडील कितीतरी वेळ त्या ओळींवरून बोट फिरवत राहिले.