खेड्यात न होणारा रोग

"तुमच्या लोकांच्या बुडात बोट घालायला मी डॉक्टर झालो नाही."

डॉक्टर हे हसत म्हणाला. हळू म्हणाला असता तर त्याला थोडी तरी लाज आहे असं मी धरून चाललो असतो. पण दवाखाना भरलेला होता, पनवेलच्या बाजारपेठेतली माणसं बाकांवर दाटीनं बसली होती, आणि त्याला ऐकणारे हवे होते. दोघंतिघं हसली. एक बाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली.

माझी आई बाहेर पायरीवर बसली होती. उन्हात. तिला आत बोलावलंच नव्हतं. डॉक्टरनं खुर्चीवरून न उठता, दारातून तिला दोन प्रश्न विचारले होते. ताडी पितेस का. सुकट खातेस का. ताडी ती कधी पीत नव्हती. सुकट खात होती. खाडीकाठी राहून गरिबानं दुसरं काय खायचं. डॉक्टर म्हणाला, मग मूळव्याध होणारच. आणि कंपाउंडरला पुड्या बांधायला सांगितल्या.

तेव्हा मी म्हणालो होतो, एकदा तपासून तरी बघा. एवढंच. त्यावर ते वाक्य आलं.

माझ्या तोंडून 'बरं साहेब' निघालं. आमच्या तोंडून ते आपोआप निघावं अशीच आमची घडण केली होती. कंपाउंडरनं पुड्या वरून माझ्या हातात टाकल्या. बोटाला बोट लागलं नाही. त्यांना ती कला फार छान येते.

मी तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. वस्तीतला पहिला. वस्ती पनवेलजवळच्या कोन गावाच्या बाजूला, गावापासून जरा लांब, जशी ती सगळीकडे असते. आम्ही महार. थोड्याच वर्षांपूर्वी बौद्ध झालो होतो. घरातले देवांचे टाक आईनं स्वतः खाडीत सोडून दिले होते आणि परत येऊन म्हणाली होती, "हलकं वाटतंय." डॉक्टरच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून मी त्याच्यासमोर उभा होतो, आणि त्याला दिसत होता तो महारवाडा.

आई साठीच्या पुढची. नाव मथुरा. पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत ती पाखडायला जायची. माझा जन्म व्हायच्या आधीपासून जायची. नाकाकानात कोंडा, केसांत कोंडा, अंथरुणातसुद्धा कोंडा. अशी बाई जेवण अर्ध्यावर सोडायला लागली. पोट फुगायचं. कधी चार दिवस काही नाही, कधी सारखं पळापळ. आणि रक्त. ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. माझ्या बायकोला परसात पुरलेल्या चिंध्या सापडल्या तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणाली, उष्णता हाय, जाईल. सब्जाचं पाणी पीत होती. कोकमाचं आगळ पीत होती.

मग डॉक्टरच्या पुड्या सुरू झाल्या. पावसाळा लागला तरी पुड्या चालूच. आई वाळत गेली. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मी पुन्हा पुन्हा दवाखान्यात जायचो आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा दारातून बघायचा. एकदा म्हणाला, म्हातारीला वय झालंय रे, तुला कळत कसं नाही, मास्तर ना तू.

त्याच सुमारास गिरणीचा शेठ आजारी पडला. वय आईच्याच आगेमागे. त्यालाही रक्त. हा सगळा प्रकार गिरणीत कुणाला माहीत नव्हता. शेठ मुंबईला गेला एवढंच माहीत होतं. बऱ्याच दिवसांनी परत आला तो रोड झालेला, पण ताठ. गादीवर बसला. पोटाला डाव्या बाजूला पट्टा बांधलेला. आता शौचाची वाट पोटातून काढली होती. शेठला त्याची लाज नव्हती. उलट कौतुक होतं. येईल त्याला तो गोष्ट सांगायचा, आणि बाया पाखडत असायच्या तिथपर्यंत ती ऐकू जायची.

गोष्ट अशी. शेठ डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं त्याला आतल्या टेबलावर कुशीवर झोपवलं. हातात रबरी मोजा चढवला. तपासलं. गाठ बोटाला लागली. त्याच दिवशी डॉक्टरनं मुंबईच्या मोठ्या सर्जनला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मोटारीत घालून शेठला घेऊन गेला. डॉक्टरच्या बोटानं मला वाचवलं, असं शेठ सांगायचा. कॅन्सर होता म्हणायचा, वेळेवर सापडला.

आईनं हे सूप हलवता हलवता ऐकलं. घरी आली. हातपाय धुतले. चुलीपुढे बसली आणि मला म्हणाली,

"शेटलाबी माज्यासारखंच रगात जात होतं."

मी म्हणालो, मग?

"मग काय. त्याला डाक्तरनं हात लावला. तो जगला."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. भाताला आधण ठेवावं तसं तिनं ते वाक्य माझ्यापुढे ठेवलं. तो डॉक्टर अडाणी आहे असं मी तोवर समजत होतो. जुन्या वळणाचा, सोवळ्याओवळ्याचा, बिचारा शिकला पण सुधारला नाही, असं काहीतरी. त्या संध्याकाळी मला कळलं, त्याला सगळं येत होतं. कुठे बोट घालायचं, काय लागलं म्हणजे काय समजायचं, कुणाला फोन करायचा. विद्या होती. ती वापरायची कुणावर हे त्यानं ठरवलेलं होतं.

मी रजा टाकली. आईला एस.टी.नं ठाण्यावरून मुंबईला नेलं. ती दर थोड्या वेळानं कळवळायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. सरकारी इस्पितळात रांग होती, पण रांगेत आमच्या मागे-पुढे कोण आहे हे कुणी विचारत नव्हतं. आतला डॉक्टर पोरसवदा होता. कोण होता, कुठला, कुठल्या जातीचा, मला माहीत नाही. त्यानं तिला टेबलावर घेतलं. पडदा ओढला. मोजा चढवला आणि म्हणाला,

"आजी, लाजू नका. दुखलं तर सांगा."

सगळं आटपायला चहाचा कप प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. त्यानं हात धुतले. मला बाहेर घेतलं. गाठ फार वाढली आहे, वरपर्यंत पसरली आहे, म्हणाला. मग विचारलं, एवढे दिवस कुणी तपासलं कसं नाही? बोटाला लागते आहे.

मी त्याला काय सांगणार? त्याला समजलं नसतं. किंवा समजलं असतं, आणि ते जास्त वाईट.

आई व्हरांड्यात फरशीवर बसली होती. मी जवळ बसलो. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली,

"बोट घातलं त्यानं. पर तोंड वाकडं नाय केलं."

मरायला टेकलेल्या बाईला हा केवढा मोठा मान वाटला होता. ते ऐकून मला जे झालं त्याला दुःख म्हणत नाहीत. ते आजवर गेलेलं नाही.

भात कापणीच्या दिवसांत आई गेली. मला ते शेवटचे दिवस लिहायचे नाहीत. तिचा आवाज गावापर्यंत जायचा. गावातली माणसं म्हणायची, महारीण फार ओरडते.

त्यानंतर पनवेलच्या वाचनालयात व्याख्यान ठरलं. शेठ बरा झाला म्हणून त्यानं वाचनालयाला पंखे दिले होते, त्याचा समारंभ. वक्ता डॉक्टर. विषय, 'कॅन्सर आणि आपण'. चिटणीस माझ्या शाळेत आले. म्हणाले, गुरुजी, आभारप्रदर्शन तुम्ही करा, आता तुमच्यातलंही कुणीतरी व्यासपीठावर दिसलं पाहिजे. त्यांना मी दिसायला हवा होतो. बोलायला नको होतो. आभार मानणं म्हणजे बोलणं नव्हे.

मी हो म्हणालो. खरं सांगतो, तोवर काही ठरवलं नव्हतं. डॉक्टर काय बोलतो ते मला ऐकायचं होतं.

तो फार सुंदर बोलला. शुद्ध, घोटीव. म्हणाला, आतड्याचा कॅन्सर हा शहरी माणसाच्या म्हातारपणाचा रोग आहे. बैठं काम, मैद्याचे पदार्थ, चिंता. खेड्यातल्या म्हाताऱ्याला तो होत नाही. नाचणीची भाकरी, रानची भाजी, अंगमेहनत, मोकळी हवा, हे त्याचं कवच आहे. आमची भाकरी त्यानं जन्मात खाल्ली नव्हती, पण तिचे गुण त्याला पाठ होते. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या सबंध आयुष्याच्या प्रॅक्टिसमध्ये खेड्यातला असा एकही रोगी मला आढळलेला नाही."

टाळ्या पडल्या. शेठनंही वाजवल्या. नवे पंखे फिरत होते. सगळी सभा खूश होती. खेडं किती निरोगी, किती भाग्यवान. आपल्याला मात्र बिचाऱ्यांना कॅन्सर होतो.

चिटणीसांनी माझं नाव पुकारलं. मी उठलो.

मी म्हणालो, "डॉक्टरांना आढळला नाही, कारण त्यांनी बघितला नाही. माझी आई आतड्याच्या कॅन्सरनं गेली. ती यांच्या पायरीवर बसून होती. तिला तपासा म्हटलं तर हे काय म्हणाले ते मी सभेला सांगतो."

आणि मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. समोर बायका बसल्या होत्या तरी सांगितलं. बूड हा शब्द त्या वाचनालयात त्याआधी कुणी उच्चारला नसेल.

चिटणीसांनी माझा सदरा मागून ओढला. गुरुजी, सभ्यता, असं काहीतरी पुटपुटले. सभ्यता. वाक्य बोलला तो सभ्य. परत म्हणून दाखवलं तो असभ्य. डॉक्टर लाल झाला, मग उघड्या माणसानं पंचा शोधावा तसा रुमाल शोधायला लागला. शेवटी म्हणाला की हा मनुष्य मातृशोकानं भ्रमिष्ट झाला आहे, याला घरी न्या.

शेठ मात्र माझ्याकडे बघत होता. त्यानं विचारलं, "तुझी आई कोण?"

मी म्हणालो, मथुरा. तुमच्या गिरणीत पाखडायची.

त्यानं आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं, तेवढं श्रेय मी त्याला देतो. मग मान हलवली. त्याला आठवेना. जन्मभर तिनं पाखडलेला तांदूळ तो विकत आला होता.

मी व्यासपीठावरून उतरलो. म्हणालो, "मी आभार मानत नाही." आणि बाहेर पडलो. माझ्यामागे एकही माणूस आला नाही.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. माझी बदली झाली. कर्जतच्या डोंगरात, जिथे बस जात नाही अशा शाळेत. डॉक्टरला काही झालं नाही. लोक म्हणाले, तापट आहे पण हाताला गुण आहे. व्याख्यान त्यानं आणखी बऱ्याच ठिकाणी दिलं असं कानावर आलं, तेच कवच, तीच भाकरी. एका साप्ताहिकात छापूनही आलं. आता ते शास्त्र झालं.

खेड्यात हा रोग कमी असेलही. मी डॉक्टर नाही. भाकरीत काही गुण असतीलही. पण ज्यानं आमच्यातल्या एकालाही टेबलावर घेतलं नाही, त्यानं आमच्या आतड्यांची ग्वाही देऊ नये. आंधळ्यानं गावात अंधार आहे की उजेड ते सांगू नये.

डोंगरात म्हातारे होतेच. ठाकरांचे, कातकऱ्यांचे, आमचे. मी शाळा सुटली की वाड्यांवर जातो. म्हाताऱ्यांजवळ बसतो आणि विचारतो, शौचाला रक्त पडतं का. पहिल्यांदा हसले. पोरांनी मला 'बुडाचा मास्तर' असं नाव पाडलं. ठेवा म्हटलं. बायका सुरुवातीला उठून जायच्या, मग माझी बायको यायला लागली आणि बायका तिच्याशी बोलायला लागल्या. ज्यांना रक्त आहे त्यांना आम्ही मुंबईला घेऊन जातो. बऱ्याच जणांना नुसती मूळव्याध निघते. ते शिव्या देत परत येतात, उगाच दमवलंस म्हणतात. मला त्या शिव्या गोड लागतात. काही जणांना मूळव्याध निघत नाही.

गेल्या खेपेला एका कातकरी म्हाताऱ्याला घेऊन गेलो. गाठ होती, पण काढता येण्यासारखी होती. इस्पितळाच्या खिडकीतल्या कारकुनानं पत्ता विचारला. मी वाडीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, मुंबईतला सांगा, उतरलात तिथला, तोच लिहितात सगळे, सोपं पडतं. आईच्या वेळीही माझ्या चुलतभावाची चाळ लिहिली गेली होती. म्हणजे माझी आई त्यांच्या हिशेबात शहरातली ठरली. म्हणजे खेड्यात हा रोग नाहीच.

मी म्हणालो, वाडीचं नाव लिहा.

तो म्हणाला, मागे रांग आहे.

मी म्हणालो, असू दे. वाडी लिहा, गाव लिहा, तालुका लिहा. नाही लिहिलंत तर मी इथून हलणार नाही.

मागची माणसं ओरडायला लागली. मी हललो नाही. त्यानं लिहिलं. मी खिडकीत वाकून वाचून घेतलं, काना-मात्रा चुकला होता तो दुरुस्त करायला लावला, आणि मग म्हाताऱ्याला धरून आत नेलं.

यापुढे प्रत्येकाचा पत्ता असाच लिहिला जाईल.