बुजवलेल्या खिडकीतलं ऊन

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या वास्तूंमध्ये 'काहीतरी असतं' म्हणणाऱ्यांना मी आजवर हसतच आले... त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय. घरीसुद्धा अजून बोलले नाही.

भोरच्या बाजारपेठेत एक दुमजली पेढी आहे. संस्थानच्या काळात एका कापड व्यापाऱ्याने मुंबईतल्या साहेबी इमारती बघून हौसेने बांधलेली. समोर घडीव दगडाच्या पाच टोकदार कमानी, प्रत्येकीच्या माथ्यावर वेगळं फळ कोरलेलं — चक्क सीताफळसुद्धा! वर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, नक्षीदार जाळी. आता मात्र अर्ध्या दर्शनी भागावर फ्लेक्स आणि आत थरावर थर प्लास्टर. मालकांना ती पाडायची होती. त्यासाठी अहवाल हवा होता, म्हणून मला बोलावलं.

खालच्या गाळ्यात जवळच्या उत्रोली गावचे गौतमकाका शिवणकाम करतात. आधी त्यांचे वडील तिथेच मशीनवर बसायचे. इमारत गेली की गाळाही जाणार. तरी टेपचं दुसरं टोक धरायला तेच माझ्याबरोबर वर आले.

"म्याडम, खरं सांगा. पाडत्याल का ही?"

"काका, मधली भिंत फुगलीये. छताचा भार तिच्यावरच दिसतोय. मला तसंच लिहावं लागेल."

"बरं," एवढंच म्हणाले आणि टेप ताणून धरली.

वरच्या हॉलमध्ये वीज नव्हती. पूर्वेच्या मोठ्या गोल खिडकीत विटा भरलेल्या, आणि तिच्या पलीकडे शेजारची तीन मजली इमारत इतकी खेटून, की मधे हात जायचा नाही. मी मोबाईलच्या टॉर्चवर मापं लिहीत होते. सकाळचे अकरा वाजले असतील.

आधी पायाखालची फरशी निळी झाली. मग हिरवी, मग तांबडी... बघता बघता जमिनीवर पाकळ्या-पाकळ्यांचं भलंमोठं फूल उमटलं — रंगीत काचेतून ऊन पडावं तसं. त्यात धूळ तरंगत होती. मी खिडकीकडे वळून पाहिलं. विटा तशाच, काळ्या.

भीती म्हणाल तर अजिबात वाटली नाही. काकांनी हळूच चपला काढल्या.

"तुमाला बी दिसतंय न्हवं?"

"हो."

ते फूल सरकत सरकत फुगलेल्या भिंतीवर चढलं आणि छताजवळ थांबलं. तिथे प्लास्टरचा पोपडा सुटला होता. त्याच्या फटीत एक पान दिसलं... बिडाचं, ओतीव, शिरा न् शिरा मोजाव्यात असं. पुढच्या क्षणी सगळा अंधार.

मी पिशवीतून हातोडी काढून भिंतीवर ठोकली. ठण्ण!

दोन दिवसांत प्लास्टर उतरवलं. आत बिडाचे तीन खांब निघाले, पायापासून छतापर्यंत सरळ, डोक्यावर पानाफुलांची नक्षी. सगळा भार त्यांनी पेलला होता. फुगलेली भिंत नंतर कुणीतरी मधे भरलेली. मालकांनी चिडून दुसरा इंजिनिअर आणला, त्यानेही तेच सांगितलं. पाडायचं रद्द झालं. सध्या दुरुस्ती चालू आहे.

खिडकीच्या विटाही आम्ही काढल्या. दगडी चौकट पाकळ्यांचीच होती, पण काचेचा एक तुकडाही नाही. समोर नुसती शेजारच्यांची भिंत. आरसा, फट, परावर्तन... सगळं तपासून झालं. पुढे तीन दिवस अकराच्या ठोक्याला मी तिथे जाऊन उभी राहिले. काहीच नाही.

परवा काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

ते मशीन थांबवून म्हणाले, "मला काय कळतंय, म्याडम. पर हितं उभा जन्म गेला, आन् म्या कवा मान वर करून ह्या कमानी बघितल्या न्हवत्या. आता दुकान उघडायच्या आधी बघतो."

माझ्याकडे त्याहून बरं उत्तर अजून तरी नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल, तर खरंच सांगा.