गड काय पळून जातो?

नाशिकच्या आसपास जेवढी म्हणून पडकी देवळं, लेणी आणि किल्ले आहेत, तेवढी सगळी पाहायला माझे थोरले साडू जाऊन आलेले आहेत. आणि त्यांतलं एकही त्यांनी पाहिलेलं नाही. यात त्यांच्या पायांचा, डोळ्यांचा किंवा हौसेचा काही दोष नाही. दोष असलाच तर तो मुक्कामाचा.

साडूभाऊंची मखमलाबादच्या शिवारात फुलशेती. पहाटे गुलाब तोडायचे, ते बाजारात पोचवायचे आणि नऊच्या आत घरी येऊन पेपर घेऊन बसायचं. पेपरात एखाद्या पडक्या देवळाचा फोटो आला की लगेच कात्री. ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, रद्दीवाल्याच्या हाती द्यायला धड एक पेपर मिळत नसे. नव्वदच्या सुमाराला माझं लग्न झालं आणि सरकारी सुट्ट्यांसकट मी आयताच त्यांच्या तावडीत सापडलो. त्यानंतरची पंधरा वर्षं, लागून सुट्ट्या आल्या की आम्ही चौघं पिशव्या भरून एसटीत.

लॉज म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "लॉजवर उतरून जुनं गाव बघायचं म्हणजे लग्नाला जाऊन घरचा डबा खायचा," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पडक्या वास्तूच्या पायथ्याशी एक गाव असतं आणि त्या गावात आपलं कुणीतरी असतंच, फक्त ते शोधावं लागतं, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. गावात उतरलं की ते स्टँडवरच्या टपरीवर ठाण मांडायचे आणि शेजारच्या माणसाला आडनाव विचारायचे. मग मूळ गाव, आईचं माहेर, मुली कुठे दिल्या. तिसऱ्या चहापर्यंत तो माणूस त्यांच्या चुलत आत्याच्या दिराचा व्याही निघत असे. मी आणि माझी बायको पिशव्या धरून उभे, आणि ताई स्टँडच्या खांबाला टेकून विणकाम करत. त्यांना या प्रकाराला किती वेळ लागतो याचा अंदाज होता. विणीच्या साधारण दहा ओळी.

बरं, नातं सापडलं म्हणून लगेच उतरतील तर ते साडूभाऊ कसले. आधी घर पसंत पडायला हवं. न्हाणीघर कसलं, पंखा आहे का, असल्या क्षुल्लक गोष्टींकडे त्यांचं लक्ष नसे. घरात म्हातारा माणूस आहे की नाही, एवढंच ते बघत. "दगड मुके असतात, साडू. त्यांचं बोलणं म्हाताऱ्याकडून ऐकायचं असतं." या एका नियमापायी आम्ही सिन्नरला फरशी बसवलेलं, नळाचं पाणी असलेलं घर सोडून मागच्या आळीतल्या एका आजोबांकडे उतरलो. आजोबांना ऐकू येत नव्हतं आणि बोलायचे ते फक्त त्यांच्या बैलजोडीबद्दल. नाशिकहून तासाभरावरचं सिन्नर. सकाळी जाऊन दुपारी परत यावं. आम्ही दोन दिवस राहिलो. देऊळ त्या चिंचेमागे आहे असं यजमानांनी गच्चीवरून दाखवलं. चिंच आम्ही नीट पाहिली.

अंकाईच्या किल्ल्यासाठी म्हणून येवल्यात थांबलो, तेव्हा यजमानांच्या घरी पैठणीचा माग निघाला. ताई आणि माझी बायको त्या मागासमोर बसल्या त्या उठेचनात. पदरावरच्या मोराची मान पुरी झाल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही, असं दोघींचं मत पडलं. किल्ला येताना मनमाडच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून दिसला, तोही साडूभाऊंना नाही, कारण ते शेजारच्या प्रवाशाला आडनाव विचारत होते.

हे सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं. मुल्हेरचं तसं नव्हतं. साडूभाऊंचं आजोळ बागलाणातलं. मुल्हेरच्या डोंगरावर एक पडका राजवाडा आहे, त्याचं छप्पर गेलं तरी खांब उभे आहेत, हे त्यांनी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेलं. आई पुढे फार दिवस राहिली नाही. जमवलेल्या कात्रणांत मुल्हेरचं कात्रण एकच होतं आणि ते त्यांच्या पाकिटात असे. बाकी कुठलं राहिलं तरी चालेल, पण तो वाडा डोळ्यांनी बघायचा, हे ते कधीतरी हळू आवाजात बोलायचे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सटाण्याहून गडाखालच्या गावात पोचायला दुपार झाली. नातं दुसऱ्याच चहाला निघालं आणि घरात ऐंशीच्या घरातले बाबाही होते, कान शाबूत असलेले. साडूभाऊ हरखून गेले. बाबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "आते जेवाले बठा. गड काय पळी जास?" गड पळून गेला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या घरात नातीचा साखरपुडा होता. घरी पाहुणे असताना त्यांना वगळून साखरपुडा कसा होणार, आणि साखरपुडा सोडून पाहुणे डोंगरावर कसे जाणार? त्यातून मुलाकडच्या मंडळींत साडूभाऊंच्या ओळखीचं कुणी निघालं आणि बोलणी त्यांच्याच गळ्यात पडली. परवावर दसरा आलेला, शेतात झेंडू तोडायचा होता. संध्याकाळच्या गाडीने परत. दुसऱ्या खेपेला बाबा आजारी निघाले. त्यांना जीपमधून सटाण्याच्या दवाखान्यात नेण्यात आणि उशाशी बसण्यात रजा संपली. बाबा बरे झाले. वाडा राहिला.

मग साडूभाऊंचे गुडघे बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, चढायचं असेल ते याच हिवाळ्यात चढून घ्या. तेव्हा मात्र मी सूत्रं हातात घेतली. सटाण्यात लॉज घेतला, पहाटेची जीप ठरवली आणि कुणालाही आडनाव विचारायचं नाही असं साडूभाऊंकडून कबूल करून घेतलं. ताईंनी त्यांना स्वतःची शपथ घातली. लॉजवर ते मुकाट्याने झोपले. सकाळी गावात उतरल्यावर टोपी भुवयांपर्यंत ओढून, चोरासारखे भिंतीकडेने चालू लागले. पाकिटावर हात होता. गाव संपायला दोन घरं उरली, आणि ओट्यावर बाबा उन्हाला बसले होते.

"नाशिकना पाव्हना ना?" बाबा म्हणाले. "कोठे उतरनात?"

मी घाईने म्हणणार होतो, आत्ताच गाडीतून आलो. पण साडूभाऊंना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "लॉजवर, बाबा."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान फिरवली आणि घोंगडी अंगावर ओढून घेतली. साडूभाऊंनी एकदा डोंगराकडे बघितलं, आणि ओट्याच्या पायरीशी चपला काढल्या.

"तुम्ही जाऊन या वर," ते मला म्हणाले. "नीट बघा. मला सांगा."

"साडूभाऊ, पुन्हा जमायचं नाही."

"माहीत हाय मला."

ताई त्यांच्याजवळ थांबल्या. मी आणि बायको चढून गेलो. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही. वाडा पाहिला. खांब उभे होते, मधे गवत, आणि वारा. खरं सांगायचं तर पाहण्यात माझं लक्ष नव्हतं. खाली आलो तर साडूभाऊ आणि बाबा एका ताटात जेवत होते. त्या दिवसाचा मुक्कामही अर्थात तिथेच पडला. साडूभाऊंनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "खांब किती उभे हायत?"

मी मोजले नव्हते. "सात," म्हणालो.

"सात," ते बाबांना म्हणाले, आणि दोघंही बराच वेळ समाधानाने मान हलवत राहिले.

आता साडूभाऊ काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. बाबा राहिले नाहीत, पण बागलाणातून कुणी दवाखान्याला, कुणी परीक्षेला नाशिकला आलं की मुक्काम मखमलाबादला. त्यांच्याच गावचा वाडा साडूभाऊ त्यांना डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतात. मधलं गवत, वारा आणि सात खांब. आलेला पाहुणा ते खोडून काढत नाही. मी कोपऱ्यात खाली मान घालून बसतो.

एकदा जाऊन ते खांब खरोखर मोजायला हवेत, असं दर हिवाळ्यात ठरवतो. पण गेलो तर उतरायचं कुठे, हे ठरलेलं आहे. त्यामुळे मोजून होतील याची खात्री नाही.