अनवाणी पहिला आलेला

कॅनव्हासच्या नव्या बुटांचा रबरी वास आला की अजून माझं डोकं सणकतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. साताऱ्यात यवतेश्वरचा डोंगर चढून कासच्या वाटेवरून परत यायची शर्यत होती आणि सांगलीहून मी तसलेच नवे बूट घालून मोठ्या तोऱ्यात धावायला गेलो होतो. माझ्यापुढे एकच जण होता, जतकडचा एक मेंढपाळ, माझ्याच वयाचा, अनवाणी. चढावर माझी छाती फुटायची वेळ आली, वाळक्या गवताचं कुसळ घशात गेलं, आणि तो मुरमावरून सहज पाय टाकत दिसेनासा झाला. माझ्या चांगला फर्लांगभर आधी तो पोचला. पंचांनी त्याच्या रक्ताळलेल्या टाचांकडे पाहिलं नि म्हणाले, "पायात बूट नाहीत. नियमात बसत नाही. हा बाद." मी ओरडलो, "आवं, सुरुवातीला अनवाणीच हुबा हुता की त्यो! तवा का न्हाई बोलला?" पंच हसले. "तुझा फायदाच होतोय ना? मग गप्प बस." मी आणखी भांडणार, तोच तो मेंढपाळ माझा दंड धरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे गड्या, मला यष्टी गाठायचीय," आणि लंगडत निघून गेला. मग पहिला म्हणून माझं नाव पुकारलं. त्या पंचांना मी आजवर शिव्या घालत आलोय. पण तो कप मी दोन्ही हातांनी घेतला होता, आणि आता खरा राग येतो तो त्या हातांचा.