पाण्याची बाटली

सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेलं लागतं, आणि नाव पुकारायच्या जरा आधी मी जाऊन ते रिकामं करून आलो. भीतीनं, दुसरं काय! रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला होता आणि डॉक्टर कॅन्सर हा शब्द टाळून "बघून घेऊ" एवढंच म्हणाले होते.

मग पुन्हा बाटली घेऊन बाकावर बसलो. समोर सगळे माझ्याच वयाचे पुरुष, घोट घोट पाणी पीत भिंतीकडे बघणारे. एका गृहस्थांना बाटलीचं झाकण उघडेना. शेवटी त्यांच्या मुलीनं ते हळूच उघडून दिलं. कट्ट्यावर आम्ही गुडघ्यांपासून शुगरपर्यंत सगळं चघळतो, पण या दुखण्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. मीही रात्री सारखा उठायचो आणि घरात सांगायचो, "पाणी जास्त झालं." आता तेच पाणी जास्त व्हावं म्हणून बाटली तोंडाला लावत होतो.

शेजारी बसलेली बायको माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वर्षभर डॉक्टरकडे चला म्हणतेय, तर जागचे हलला नाहीत. आणि आज बसून राहा म्हटलं, तर धावत सुटलात!"