डबल सीटची हवा

महाड-पोलादपूर पट्ट्यात टायरची पारख माझ्या साडूंइतकी कुणाला नसेल, आणि त्या पारखीपायी माझ्याइतका जळलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोलादपूरला असतात. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी लांब पल्ल्याची दांडगी मोटरसायकल घेतली आणि तिच्या टायरसाठी इतकी दुकानं पालथी घातली, की मुलीसाठी स्थळ बघतानाही एवढे हिंडले नव्हते. दुकानात उकिडवं बसायचं, रबरात नख रुतवायचं, वास घ्यायचा, मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून खाचांवर धार धरायची. पाणी कडेने निघून गेलं तर मान डोलवायची, खाचेत साचलं तर टायर परत. दुकानदार कावला की म्हणायचे, "पावसात कशेडी घाटात घसरण्यापेक्षा तुझी फरशी ओली झालेली बरी."

हिला त्याचं कोण कौतुक! "भावोजींना किती कळतं" हे जेवताना मिठासारखं रोज माझ्या ताटात. शेवटी मीही तसलीच गाडी घेतली, आणि टायर त्यांच्याहून दणकट दिसावेत म्हणून बटन टायर बसवले, अंगभर रबराची टेंगळं आलेले. दुकानदार म्हणाला, "काका, हे चिखलातले हायत. डांबरावर बोंबलतील."

"बोंबलू दे. लोकांना कळू दे."

कळलं. मी दासगावला असतानाच पुढच्या वीर स्टेशनचे रिक्षावाले आवाजाने माना वळवून बघत असावेत.

त्या रविवारी शिवथरला निघालो. साडू एकटेच आले होते. वाटेत हिने माझ्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवली. "माझे दात खिळखिळे झाले हो. मी भावोजींच्या मागे बसते," म्हणाली आणि बसलीसुद्धा. पुढे ती दोघं हसत-बोलत चाललेली, मागे मी, चालू गिरणीवर बसल्यासारखा.

हिला परत माझ्या सीटवर आणायची म्हणून दुसऱ्याच दिवशी साडूंना शरण गेलो. त्यांनी आधी विचारलं, "मागे कोण बसतं?"

"सध्या तुमच्याकडे असते."

पोट धरून हसले. मग नख, वास, पाणी असं सगळं यथासांग करून मधे सपाट, कडेला खोल खाचा असलेले टायर निवडून दिले. पुढे हवा भरायला गेलो. साडूंच्या गाडीची पाळी आली तेव्हा हवावाल्याने त्यांना विचारलं, "एकटे का डबल सीट?"

"डबल."

ताईंचे, म्हणजे हिच्या बहिणीचे, गुडघे गेल्यापासून साडूंची मागची सीट एरवी रिकामीच असते. मी म्हटलं, "दादा, एकट्याला एवढी हवा कशाला? धक्के बसतील."

"बसू देत. एखाद्या दिवशी ती 'चला, येते' म्हणाली, तर तिला काय सांगू, थांब, हवा भरून येतो?"

संध्याकाळी ही आपणहून माझ्या मागे बसली. सावित्री नदीच्या कडेने जाताना मी तिला हे सांगितलं. ती हळूच म्हणाली, "ताईचं नशीब हो."

नवे टायर इतके मुके, की शब्द न् शब्द ऐकू आला. त्या बटन टायरांची मला तेव्हा पहिल्यांदाच आठवण आली.