घटनेची तारीख

माझ्या हातची आमटी त्यांनी सिंकमध्ये ओतली. मी समोर उभा असताना. काळ्या वाटाण्याची होती, खोबरं भाजून, वाटून केलेली. विजयदादानं पातेलं नाकाशी नेलं न नेलं आणि म्हणाला, "आंबलीय रे. इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही." तासाभरापूर्वी शेगडीवरून उतरवलेली आमटी. अजून वाफ येत होती. त्यानं नळ सोडला आणि अडकलेले वाटाणे चमच्यानं जाळीत ढकलले. बाकीचे टीव्ही बघत राहिले. मग कुणीतरी हॉटेलातून खुबूसच्या रोट्या आणि डाळ मागवली.

आणि ते पातेलं घासलं कुणी? मीच. भांडी माझ्याकडे होती ना.

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन आहे. कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या व्हिलात आम्ही सात मराठी माणसं राहतो. विजयदादा आमचा फोरमन, वयानं मोठा, म्हणून मेसही तोच चालवतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो ऑफिसच्या प्रिंटरवर यादी छापतो आणि फ्रिजवर चिकटवतो. कुणी कधी स्वयंपाक करायचा, त्याची पाळी. सुरुवातीला त्या यादीत माझंही नाव होतं. माझी पाळी असली की विजयदादा दुपारीच विचारायचा, "आज वाटाणे ना रे?" तीन वाट्या आमटी प्यायचा. बोटं चाटायचा. हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून कुणाला काही कळत नाही. एकदा मी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, आणि विजयदादा मागून आला. मोठ्या मायेनं फोनमध्ये डोकावला. "नमस्कार काकू!" म्हणाला. आईनं हात जोडले आणि सवयीनं म्हणाली, "जय भीम, बाला." तिच्या मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. विजयदादा हसला, जेवलात का वगैरे विचारलं आणि निघून गेला.

पुढच्या यादीत स्वयंपाकाच्या पाळीत सहाच नावं होती. सगळ्यात खाली माझं. त्यापुढं लिहिलेलं, 'भांडी – रोज'. मी विचारलं तर दादा म्हणाला, "तुझी ड्युटी जड असते रे. दमून येतोस. तू शेगडीपाशी कशाला मरतोस?"

आणि मी काय केलं? हे सांगायला मला आमटीपेक्षा जास्त लाज वाटते. मी मेसच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'थँक्यू दादा. तुमच्यामुळे आराम मिळतो.' पुढे जोडलेले हात. सहा जणांनी अंगठे दाखवले. आठ महिने मी सात माणसांची खरकटी घासली आणि मनात त्यांचे उपकार मानले. आईनं शिकवलेलं, दुसऱ्याच्या घरी जेवलास तर ताट धुवून ठेव. पण ते घर दुसऱ्याचं नव्हतं. माझंही होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

त्या बुधवारी ज्याची पाळी होती तो तापानं पडला होता. मी आपला मोठ्या हौशीनं शेगडी पेटवली. पुढचं सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये गेलो. तिथं मकबूलभाई असतात, रत्नागिरीचे, वीस वर्षं इथं काढलेले. त्यांना म्हटलं, "काल माझी आमटी बिघडली वाटतं." तेव्हाही मी माझाच दोष शोधत होतो, बघा. सगळं ऐकून त्यांनी हातातली वही मिटली.

"अरे खुळ्या, आमटी नाय आंबली. तुजा हात आंबला त्यांना."

मी वायरचं बंडल तिथंच ठेवून बाहेर आलो. आठ महिन्यांतली एकेक गोष्ट आठवायला लागली. पाण्याच्या जारला मी हात लावला की कुणीतरी म्हणायचं, "थांब, मी देतो." माझा कप वेगळ्या खिळ्याला. मला वाटायचं, किती जपतात मला.

त्याच दुपारी मी विजयदादाला गाठलं. "दादा, माझी पाळी का काढली?" त्यानं खांद्यावर हात ठेवला. "गैरसमज झालाय तुझा. उद्या शुक्रवार आहे, सगळे बसू. घरातलं घरात मिटवू. तोवर कुठं बोलू नकोस." मला बरं वाटलं. शुक्रवारी तो सकाळीच बर्काला कुणाकडं तरी गेला. पुढच्या शुक्रवारी क्रिकेटची मॅच होती. "पुढच्या शुक्रवारी नक्की, इन्शाल्ला," म्हणाला. तिसऱ्या शुक्रवारी खरंच बसला. एकटाच. माझ्यासाठी चहा ओतला, माझ्या त्या वेगळ्या कपात.

"हे बघ, तुला ऑफिसात जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण पंधरा दिवसांची मुदत असते. तक्रारींच्या कमिटीवर आहे मी, म्हणून सांगतो."

आमटीच्या बुधवारपासून तो सोळावा दिवस होता.

नियम काही लपवलेला नव्हता. हजेरीच्या मशीनशेजारी तीन भाषांत लावलाय. भेदभावाची तक्रार प्रसंग घडल्यापासून पंधरा दिवसांत, लेखी. मी रोज त्याच्यासमोर अंगठा लावत होतो. विजयदादानं तो वाचला होता आणि मी वाचला नव्हता, एवढाच फरक. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आधी स्वयंपाकाची पाळी मायेनं काढून घेतली, मग पंधरा दिवसही मायेनंच.

तरी रविवारी गेलो. एचआरच्या मॅडम ओमानी, वयानं माझ्याएवढ्याच. हिंदी समजणाऱ्या. माझं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुम सब इंडिया का. सबका जबान एक. फिर हाथ का खाना क्यों नहीं खाता?" याचं उत्तर मी कुठून सुरू करणार? त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. वरच्याच चौकटीत होतं, घटनेची तारीख. मी त्या बुधवारची तारीख लिहिली होती.

"ये खलास," त्या म्हणाल्या. "पंद्रह दिन हो गया."

"मॅडम, आठ महिने से चालू है."

"एक तारीख लिखो. सिस्टम एक ही लेता है."

एक तारीख. माझा राग मॅडमवर नव्हता. पण ती चौकट माझ्या डोक्यात बसली. माझ्या आजोबांनी गावच्या लग्नांत कायम शेवटच्या पंगतीत बसून खाल्लं. त्यांची कुठली तारीख लिहायची? ज्याला रोज मार बसतो त्यानं कुठला दिवस निवडायचा? दुसरा कोरा फॉर्म मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. तीन दिवस तो डांगरीच्या खिशात घामानं भिजत होता.

आणि पहिली तारीख आली. विजयदादानं नेहमीसारखी नवी यादी छापली, जुनी फाडली, नवी लावली. स्वयंपाकाला सहा नावं. खाली माझं. 'भांडी – रोज'. वर महिना, खाली त्याची सही. मी फ्रिजसमोर उभा राहिलो आणि मला हसू आलं. याला वाटलं होतं मुदत संपली. यानं स्वतःच्या हातानं ती पुन्हा सुरू केली.

यादीचा फोटो काढला. सकाळी मकबूलभाईंना दाखवला आणि साक्षीला सही मागितली. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "सांगायचा ता मी सांगितला. सय मागू नको. तीन पोरी हायत मला." मी बरं म्हटलं. त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही. माझंही काँट्रॅक्ट दोन महिन्यांत संपतंय, आणि त्यावर शेरा विजयदादाच मारणार आहे. कदाचित मला परत पाठवतील. भीती वाटते. नाही कशाला म्हणू?

फॉर्ममध्ये तारीख घातली. कालची, पहिली. फोटो जोडला. माझा तो थँक्यूचा मेसेजही जोडला. तो त्यांनी दाखवण्याआधी मीच दाखवला. मॅडमनी तारीख दोनदा वाचली, शिक्का मारला आणि पोच दिली.

बाहेर विजयदादा उभा होता. बातमी माझ्याआधी पोचली होती. "अरे, एवढी घाई काय? शुक्रवारी बसू ना सगळे."

"नाही बसणार, दादा," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात यादी लागली तर पुन्हा येणार. त्याच्या पुढच्याही."

त्या संध्याकाळी मी माझ्यापुरती आमटी केली. सगळ्यांसमोर बसून जेवलो. मग सिंकपाशी गेलो. तिथं सात ताटं पडलेली. मी माझं घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

बाकीची सहा तिथंच आहेत. आज तिसरा दिवस.